मॉडेल विमानं उडवणाऱ्यांनी संघटनेत का यायचं? (कोल्हापूर आणि परिसर)

उंचपंखी

नमस्कार मंडळी. कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, हातकणंगले या पट्ट्यात रिमोटवरची विमानं, ग्लायडर आणि घरी जुळवलेले ड्रोन उडवणारे आपण बरेच जण आहोत. मोटर कुठली, प्रॉप (पुढचा पंखा) किती इंची, बॅटरी तीन सेलची की चार सेलची यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात मध्यरात्रीपर्यंत चर्चा रंगते. पण संस्था नोंदवूया, वर्गणी ठरवूया, असं म्हटलं की कुणी बोलत नाही. "रविवारी सकाळी तासभर उडवतो, मला संघटना कशाला?" असं कित्येकांनी वेगळा मेसेज करून विचारलं. प्रश्न रास्त आहे, उत्तर लांब आहे, म्हणून धागा काढला.

कायद्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथंच आहे. ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत आपलं बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान आणि लग्नात शूटिंग करणारा ड्रोन एकाच व्याख्येत येतात. आत माणूस नाही आणि दुरून चालवता येतं, की झालं. "माझं तर विमान आहे, ड्रोन नाही" हे पोलिसांपुढं किंवा विमानतळापुढं चालत नाही.

त्या नियमांत आपल्या सोयीचंही काही आहे. २५ किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात, शिक्षणासाठी किंवा निव्वळ हौसेनं उडवलेलं मॉडेल असेल तर त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीला सरकारी मान्यतेचा दाखला, लागत नाही. २ किलोपर्यंत, पैसे न कमावता उडवणाऱ्याला पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. पण नोंदणी आहे, झोन आहेत, २५० ग्रॅमच्या वर थर्ड पार्टी विमा आहे आणि नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो.

आता झोनचा नकाशा उघडून बघा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मुभा, त्यापलीकडं ४०० फुटांपर्यंत. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला, तेव्हा तो गावाबाहेर होता. आज शिवाजी विद्यापीठाचा परिसर, राजारामपुरी, गोकुळ शिरगावची एमआयडीसी हे सगळं त्या ८ किलोमीटरच्या आत आहे. २०२४ मध्ये नवं टर्मिनल झालं, विमानांची ये-जा वाढतेय. म्हणजे शहरातल्या ज्या मोकळ्या जागा आपल्याला चटकन आठवतात, त्यांतल्या बहुतेक बाद. पश्चिमेला आणि उत्तरेला जागा आहेत, पण तिथं रान कुणाचं तरी आहे आणि "या, उडवा" म्हणून कुणी बोलावत नाही.

मला जास्त खटकते ती आणखी एक गोष्ट. त्याच नियमांत सरकारमान्य शिक्षणसंस्था, मान्यताप्राप्त स्टार्टअप, जीएसटी नोंदणी असलेले ड्रोन उत्पादक यांना संशोधनासाठी नोंदणी, परवाना आणि पूर्वपरवानगी यांतून सूट दिली आहे. ग्रीन झोनमध्ये (नकाशावर परवानगी न लागणाऱ्या भागात) आणि स्वतःच्या ताब्यातल्या जागेत उडवायचं, एवढीच अट. आपल्या गावातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना तिचा फायदा होतो आणि तो व्हायलाच हवा. त्या यादीत हौशी मंडळी मात्र कुठंच नाहीत. नियम लिहिणाऱ्यांचं आपल्याशी वैर होतं, असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोर आपण नव्हतो. उद्योगांना त्यांची फेडरेशन आहे, कॉलेजांना विद्यापीठं आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला, मुदत थोडीच होती. आपल्या गटात त्या लिंकवर दोन अंगठे पडले आणि चर्चा पुन्हा मोटरवर गेली. हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

संघटना असली की काय घडतं ते बाहेर बघायला मिळतं. अमेरिकेतली अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स १९३६ सालची. इंडियाना राज्यात मन्सी इथं तिची सुमारे हजार एकर जागा आहे, सभासदाला २५ लाख डॉलरपर्यंतचं दायित्व विम्याचं कवच मिळतं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तिथं आता उडणाऱ्या यंत्रानं आपली ओळख आणि ठिकाण रेडिओवरून सतत सांगत राहायचं, असा नियम आहे. जुन्या मॉडेलमध्ये ती सोय नसते. अशा मॉडेलांसाठी सरकारनं ठरावीक मैदानं मान्य करायची पद्धत ठेवली आहे, आणि त्यासाठी अर्ज फक्त मान्यताप्राप्त संघटना किंवा शिक्षणसंस्थाच करू शकते. एकट्यादुकट्याला अर्जच करता येत नाही. ब्रिटनमध्ये १९२२ पासून चालत आलेली ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशन आहे. एरवी तिथं ४०० फुटांची मर्यादा आहे, पण संघटनेला मिळालेल्या खास अधिकारपत्रामुळं तिचा सभासद ७.५ किलोच्या आतलं विमान किंवा ग्लायडर अटी पाळून त्याहून वर नेऊ शकतो. ग्लायडरवाल्यांनी हे दोनदा वाचा. चारशे फुटांवर थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत, कुठं नीट सापडतो?

बाकी मैदान, विमा, शिकवणं यावर तुम्ही बोला. विरोध असेल तर तोही मोकळेपणानं लिहा.

थ्रॉटल_अप

दादा, पोस्ट आवडली, पण मला पटली नाही.

एक, मी आणि माझ्यासारखी पोरं २५० ग्रॅमच्या आतलं एफपीव्ही, म्हणजे गॉगलमध्ये कॅमेऱ्याचं चित्र बघत चालवायचा ड्रोन, उडवतो. विम्याची भानगड नाही. दोन, लढायला संघटनाच लागते असं नाही. अमेरिकेचं उदाहरण दिलंत तर पूर्ण द्या. २०१५ मध्ये तिथं हौशी मॉडेलांनाही नोंदणी सक्तीची केली. त्याविरुद्ध जॉन टेलर नावाचा एकटा माणूस कोर्टात गेला, स्वतः बाजू मांडली आणि मे २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं तो नियम हौशी लोकांपुरता रद्द केला. एवढ्या मोठ्या संघटनेनं जे केलं नाही, ते एकट्यानं केलं.

तीन, संघटनांत ड्रोनवाल्यांना दुय्यम वागणूक मिळते. "हे खरं उडवणं नव्हे" हे मी मैदानावर ऐकलंय.

उंचपंखी

@थ्रॉटल_अप, टेलरचं उदाहरण बरं आणलंस. त्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण तो खटला कशाच्या जोरावर जिंकला गेला ते बघ. तिथल्या २०१२ च्या कायद्यात कलम ३३६ होतं. संघटनेच्या चौकटीत उडणाऱ्या मॉडेल विमानांबाबत विमान वाहतूक खात्यानं नवे नियम करू नयेत, असं त्यात होतं. ते कलम कायद्यात यावं म्हणून पाठपुरावा केला तो संघटनेनं. टेलरनं ते कोर्टापुढं ठेवलं. पुढं काय झालं? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेनं नोंदणी परत आणली, आणि २०१८ मध्ये कलम ३३६ च रद्द झालं. कोर्टातला विजय सात महिने टिकला. कायदा बदलला की कोर्टही काही करू शकत नाही, आणि कायदा बदलताना आत बसून बोलायला कायमची माणसं लागतात. २०१८ च्या नव्या कायद्यातही हौशी लोकांसाठी वेगळं कलम राहिलं, संघटनांच्या सुरक्षा नियमावलीला जागा राहिली, ती त्या माणसांमुळं.

तिसरा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. ड्रोनवाल्या पोरांना हिणवणारी संस्था मलाही नको. घटनेतच लिहून ठेवू की स्थिर पंख, हेलिकॉप्टर, मल्टिरोटर, एफपीव्ही सगळे सारखे.

जुना_कॅडेट

एनसीसीच्या एअर विंगमध्ये मी पहिल्यांदा मॉडेल हातात घेतलं. तारेवरचं, म्हणजे कंट्रोल लाइन. हातात हँडल, पंधरा-वीस मीटरच्या दोन तारा आणि त्यांच्या टोकाला गोल गोल फिरणारं विमान. मिथेनॉल आणि एरंडेल तेलाचा तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको. वायुसैनिक कॅम्पला आजही एरोमॉडेलिंगची स्पर्धा असते.

मला एक गोष्ट सांगायची आहे, ती नव्या मंडळींना माहीत असेलच असं नाही. पूर्वी रिमोट ७२ किंवा ३५ मेगाहर्ट्झवर चालायचे. प्रत्येकात एक क्रिस्टल, म्हणजे ठरलेला एक चॅनेल. माझं विमान हवेत असताना शेजारच्या माणसानं त्याच चॅनेलचा रिमोट चालू केला की माझं विमान संपलं. त्यामुळं मैदानावर एक फळी असायची, तिच्यावर चॅनेलच्या आकड्यांचे चिमटे. चिमटा ज्याच्या छातीवर, त्यानंच रिमोट चालू करायचा. तो चिमटा घ्यायला फळीपाशी जावंच लागायचं. तिथं चार माणसं भेटायची. कुणीतरी तुमचं विमान उचलून तोल बघायचं, "मागं जड आहे, बॅटरी पुढं सरकव" म्हणायचं. कुणीतरी एलेरॉन (पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) उलटे चालतायत हे उड्डाणाआधी पकडायचं. पहिल्याच उड्डाणात विमान जाण्याची दोन मोठी कारणं हीच, गुरुत्वमध्य मागं आणि कंट्रोल उलटे. दोन्ही दुसऱ्या माणसाच्या डोळ्याला लगेच दिसतात.

२००५ मध्ये आपल्याकडं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला आणि नंतर त्यावर चालणारे रिमोट आले. ते आपापली वाट शोधतात, एकमेकांना अडवत नाहीत. फार मोठी सोय झाली. पण त्या सोयीनं मैदानावर एकत्र यायची सक्तीही संपली. माणूस एकटा जाऊन उडवू शकतो, म्हणून एकटा जातो. त्याला वाटतं आपल्याला कुणाची गरज नाही. गरज फक्त एका गोष्टीची संपली, चॅनेलची. तोल बघणारा, उलटे कंट्रोल पकडणारा, रिमोट बंद पडल्यावर थ्रॉटल शून्यावर जातो की नाही ही फेलसेफची चाचणी करायला लावणारा माणूस लागतोच. तो माणूस संघटनेशिवाय कुठं भेटणार? व्हिडिओ बघून विमान बांधता येतं. व्हिडिओ तुमचं विमान हातात घेऊन बघत नाही.

उद्यमनगरी

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. गटातल्या निम्म्या लोकांचे मोटर माउंट आणि प्रॉप अ‍ॅडाप्टर माझ्याकडनं गेलेत, कुणाकडनं पैसे मागितले नाहीत. त्यामुळं मदतीला माझी ना नाही.

पण संस्था म्हटलं की मला धडकी भरते. अध्यक्ष कोण, सत्कार कुणाचा, बॅनरवर फोटो कुणाचा. एका संस्थेत मी वर्गणी भरत होतो (मॉडेलची नव्हे, दुसरीच), तिचा हिशेब कधी बघायला मिळाला नाही. हे पैसे कुठं जाणार, कोण बघणार, ते आधी सांगा. उत्तर सरळ मिळालं तर मी पहिला येतो.

उंचपंखी

@उद्यमनगरी भाऊ, सरळ उत्तर देतो. संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणं किमान सात जण लागतात. आपल्या राज्यात अशी संस्था सार्वजनिक न्यास कायद्याखालीही येते, म्हणजे धर्मादाय कार्यालयात नोंद. दरवर्षी हिशेब तपासून घेऊन तिथं सादर करावा लागतो. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्यात वेळ जातो, कटकट आहे, पण तुम्हाला जी भीती आहे तिच्यावर इलाज तोच आहे. व्हॉट्सअ‍ॅप गटातल्या कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर गोळा केलेल्या पैशाला यातलं काहीच लागू नाही. आजवर आपण तेच करत आलोय.

खर्चाच्या बाबी माझ्या मते चारच: जागेचं भाडं, विमा, प्रथमोपचार नि आग विझवायचं सामान, आणि कागदपत्रं. सत्कार आणि बॅनरवर एक रुपया नाही, हे लेखी.

रंकाळा_वारा

उद्यमनगरीच्या भीतीवर एक सांगतो. आपल्या गावात फुटबॉल पेठेपेठेत आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस, प्रत्येकाचा जीव आपल्या तालमीत. मैदानात आणि मैदानाबाहेर किती ईर्षा असते ते मी सांगायला नको. तरीही हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खेळाडू केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नोंदणी करतो, कारण शाहू स्टेडियमवर सामना लावायला सगळ्यांना मान्य असलेली एक जागा लागते. केएसए काढून टाका, पोरं उद्याही गल्लीत फुटबॉल खेळतील, पण कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम राहणार नाही. आपण विमानवाले आज गल्लीत खेळतोय.

वस्त्रनगरी

इचलकरंजीहून लिहितोय. विम्याबद्दल कुणी समजावेल का? माझं विमान १.८ किलोचं आहे. एवढ्याशा फोमला विमा कशाला, असं घरचे म्हणतात.

उंचपंखी

@वस्त्रनगरी, घरच्यांना आकडा सांगा. २ किलोचं मॉडेल ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगानं येत असेल तर त्याची ऊर्जा ४०० ज्यूल होते. ४० किलोची वस्तू एक मीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, जवळपास तेवढी. तुमचं १.८ किलोचंही त्याच घरातलं. त्यात पुढं फिरणारा प्रॉप आणि पोटात लिथियम पॉलिमर बॅटरी. फोम मऊ असतो, मोटर आणि बॅटरी नसतात.

कायद्यानं म्हणाल तर ड्रोनच्या थर्ड पार्टी विम्याला मोटार वाहन कायद्यातल्याच तरतुदी लावल्या आहेत. काही सर्वसाधारण विमा कंपन्या अशी पॉलिसी देतात, पण ती मुख्यतः धंदेवाईक ड्रोनवाल्यांना डोळ्यापुढं ठेवून. हौशी माणूस एकटा गेला तर त्याला काय विकायचं हेच समोरच्याला कळत नाही. समूह पॉलिसीला एक पॉलिसीधारक संस्था लागते, आणि ती संस्था फक्त विमा काढायला म्हणून स्थापन झालेली चालत नाही, तिचं स्वतःचं काम असावं लागतं. मैदान, प्रशिक्षण, सुरक्षा नियमावली, उड्डाणांची नोंदवही हे सगळं दाखवता आलं तर विमा कंपनीशी बोलायला काही आधार राहतो.

चिखलीचा_मळा

मी विमानवाला न्हाई, शेतकरी हाय. पोरगा फोनवर दाखवत हुता म्हणून वाचलं. आमच्या रानाकडं तुमच्यातली पोरं येत्यात, म्हणून माझी बाजू सांगतो.

पयली गोष्ट, विमान उसात पडलं की तुम्ही चौघं-पाचजण उसात शिरताय. पडलेलं गावत न्हाई आणि ऊस मोडतोय. बारा-चौदा फूट ऊस, आतनं दिशा कळत न्हाई. आवाज करणारं काय तरी विमानात बसवा म्हणावं.

दुसरी, तोडीनंतर रान मोकळं दिसतंय म्हणून तुम्ही गाडी घालताय. त्यात खोडवा फुटत असतोय. वरनं काय दिसत न्हाई, पण चाक गेलं की फुटवा गेला. खोडवा मोडून टाकलेलं रान पायजे तुम्हाला, ते येगळं. ते इचारायला लागतंय.

तिसरी लई म्हत्त्वाची. तुमची ती बॅटरी पाचटात पडून पेटली तर? फेब्रुवारी-मार्चला पाचट कसं वाळलेलं असतंय बघितलाय का? एक ठिणगी आणि शेजाऱ्याचा उभा ऊस गेला. मग मी कुणाला धरू? ज्याचं विमान, त्यो फोन बंद करून घरी. मी माझ्या शेजाऱ्याला काय सांगू?

मला जागा द्यायला अडचण न्हाई. पावसाळ्यात तर नदीच रानात असती, २०१९ ला आन् २०२१ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पण दिवाळीनंतर पाऊस लागेपर्यंत एखादा तुकडा मोकळा ठेवता येतोय. कागदावर सही करणारा एकजण पायजे, नुकसान झालं तर भरून देणारं कोण तरी पायजे. वीस पोरांशी वीस वेळा बोलणं माझ्यानं व्हायचं न्हाई.

जुना_कॅडेट

@चिखलीचा_मळा, तुमचं लिहिणं या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं आहे. मनापासून आभार.

मंडळी, यातून मैदानाचे नियम आपोआप ठरतात. प्रत्येक मॉडेलमध्ये बझर. शोधायला दोघंच, तेही मालकाला सांगून. वाळूची बादली आणि अग्निशामक मैदानात आल्याशिवाय पहिलं उड्डाण नाही. आदळलेली बॅटरी पिशवीत न टाकता उघड्यावर, वाळूवर, निदान अर्धा तास नजरेखाली ठेवायची, कारण मार लागलेला सेल कधी कधी बऱ्याच उशिरानं पेटतो. आणि शेतीपंपाच्या तारा कुठून जातात त्याचा नकाशा.

मसाई पठारावर जाऊ असं गटात कुणीतरी सुचवलं होतं. ते आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथं नको. पन्हाळ्याचंही नाव काढू नका. संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ पासून जागतिक वारशात आहे.

लेकीची_आई

माझी मुलगी आठवीत आहे. तिनं थर्मोकोलचं ग्लायडर स्वतः बनवलं, हातानं फेकून तासन् तास उडवते. आता तिला मोटरचं हवंय. दुकानात विचारलं तर महागडा तयार सेट पुढं केला, शिकवणार कोण याचं उत्तर नाही. गटात आले तर सगळे पुरुष, आणि बोलणं सगळं आकड्यांत. मुलीला घेऊन रविवारी सकाळी कुणाच्या तरी रानात, अनोळखी लोकांत जाणं मला जमणार नाही. संस्था असेल, जबाबदार माणसं ठरलेली असतील, इतरही आया-बाप येत असतील तर मी वर्गणी आनंदानं भरेन. ती लहान आहे म्हणून सभासद होता येईल का?

जुना_कॅडेट

ताई, जरूर या. मतदानाचा अधिकार असलेला सभासद प्रौढ लागतो, पण विद्यार्थी सभासद ठेवू आणि पालक सोबत असणं बंधनकारक करू.

शिकवण्याचं म्हणाल तर दोन रिमोट जोडता येतात. एक शिकणाऱ्याच्या हातात, एक शिकवणाऱ्याच्या. मुलगी उडवत असते, गडबड झाली की मी एक बटण सोडतो आणि विमान माझ्या ताब्यात येतं. सुरुवातीला वर पंख असलेलं, पंखांना थोडा वरचा कोन असलेलं संथ विमान घ्यायचं, ते स्वतःच सरळ होऊ बघतं. आणि प्रॉप काढून ठेवल्याशिवाय घरात बॅटरी जोडायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी पाठ. पैसे घालवून तयार सेट आत्ता घेऊ नका. ज्या मुलीला ग्लायडरचा तोल साधता येतो तिचं अर्धं शिक्षण झालंय.

रंकाळा_वारा

पोलिसांचा विषय राहिला. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीडकडं रात्री ड्रोन दिसतात म्हणून गावंच्या गावं जागी राहत होती, आठवतं का? तेव्हापासून आकाशात काही घरघरलं की लोक थेट फोन करतात. कधी कधी जिल्ह्यात काही दिवसांसाठी ड्रोनबंदीचा आदेश निघतो, तो आपल्या विमानालाही लागू असतो आणि एकट्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. माझ्या ओळखीच्या एकाला असंच मैदानातून ठाण्यात नेलं, दुपारपर्यंत बसवून ठेवलं. त्याला आदेश माहीत नव्हता, आणि समोरच्यांना हे खेळणं आहे, विमान आहे की काय आहे ते कळत नव्हतं. हंगामाच्या सुरुवातीला संस्थेनं स्थानिक ठाण्याला मैदानाचं ठिकाण, वार, वेळ आणि जबाबदार व्यक्तीचा नंबर लेखी दिला असता तर दोन्हीकडचा वेळ वाचला असता.

उद्यमनगरी

हिशेबाचं उत्तर मिळालं. माझी एक अट वाढवतो: दर तीन महिन्यांनी जमाखर्च गटात टाकायचा, बिलांच्या फोटोसकट. मान्य असेल तर सात सह्यांत माझी एक धरा. बाल्सा आणि बॅटऱ्यांची एकत्र ऑर्डर पण संस्थेतनं करा. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानाच्या मालातनं येत नाहीत, रस्त्यानं येतात, प्रत्येकजण वेगळं भाडं भरत बसलाय.

उंचपंखी

@उद्यमनगरी, मान्य, घटनेतच घालतो. @चिखलीचा_मळा काका, तुमची तोड कधी होतेय ते कळवा. आम्ही तिघं येऊन रान आणि तारा बघून जातो, मग कागद तुम्ही म्हणाल तसा करू. नकाशावर तुमची बाजू १२ किलोमीटरच्या बाहेर येते, तरी तारीख ठरली की त्या दिवशी पुन्हा तपासतो.

थ्रॉटल_अप

टेलरबद्दल पुढचं मला माहीत नव्हतं, वाचून काढलं. बरोबर आहे तुमचं.

कॅडेट सरांच्या फळीवरून एक आठवलं. आमच्यात ती अडचण अजून आहे. गॉगलवर येणारा व्हिडिओ ५.८ गिगाहर्ट्झच्या ठरावीक चॅनेलवर येतो. मी हवेत असताना दुसऱ्यानं त्याच चॅनेलवर ड्रोन चालू केला की मला समोर फक्त मुंग्या दिसतात. शिवाय गॉगल लावला की आम्हाला बाजूचं आकाश दिसत नाही, शेजारी बघणारा माणूस लागतोच. म्हणजे तुमची चिमट्यांची फळी आम्हाला हवी आहे.

पण ग्लायडर वर घिरट्या घालत असताना खालून आम्ही सुसाट जाणार, हे एकाच वेळी जमणार नाही. आम्हाला सकाळचा पहिला तास द्या, वारा पडलेला असतो. किंवा शेवटचा, आम्हाला चालेल. वेळापत्रक आधी इथं टाका, मग आमची चार-पाच नावं घ्या.

जुना_कॅडेट

पहिला तास तुमचा. ग्लायडरवाल्यांना ऊन चढल्याशिवाय थर्मल मिळत नाही, ते नऊच्या आधी येऊन करणार काय? फळी मी करून आणतो, तुमचे चॅनेल लिहून पाठवा.